ठोंबा एकाच्या हातात, जमीन दुसऱ्याच्या नावावर

शेतीच्या अवजारांची यादी करायला सांगितली तर आपण नांगर, वखर, कुळव, पाभर, तिफण अशी नावे घेतो. आता त्यात ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरची भर पडली आहे. या यादीत एक वस्तू सहसा येत नाही. ती म्हणजे टोक काढलेली काठी. कोकणात तिला ठोंबा म्हणतात, आणि वरकस जमिनीवर नाचणीची रोपे लावायची एक पद्धत 'ठोंबा पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. विदर्भात सरकी टोबतात, इतर भागांत बी टोकतात. कुठे काठीने, कुठे खुरप्याच्या टोकाने, कुठे पहारीने, तर कुठे नुसत्या बोटाने. काम एकच असते. जमिनीत भोक पाडायचे, त्यात बी किंवा रोप ठेवायचे, माती दाबायची आणि पुढे सरकायचे.

नांगराला बैल लागतो, बैलाला गोठा लागतो, गोठ्याला जागा लागते. ठोंब्याला काहीच लागत नाही. ज्याच्याकडे काहीही नाही त्यालाही परवडणारे हे अवजार आहे. म्हणूनच त्याच्याकडे पाहिले की शेतीतल्या जातीचा प्रश्न स्पष्ट दिसतो. इथे अडचण अवजाराची नाही, कारण ते झाडाची फांदी तोडून पाच मिनिटांत तयार होते. अडचण अशी आहे की ते टेकवायचे कुठे. भोक कुणाच्या जमिनीत पाडले जाते, यावरून भोक पाडणारी व्यक्ती शेतकरी ठरते, मजूर ठरते, गुन्हेगार ठरते किंवा हौशी बागकाम करणारी ठरते. काठी तीच असते. दलित आणि आदिवासींच्या विकासाच्या नावाने अवजारांचे संच वाटणाऱ्या राजकारणाला नेमके हेच झाकायचे असते.

'अकुशल' म्हणजे काय?

आधी या कामाकडे नीट पाहू. भोक किती खोल पाडायचे हे बियाण्यावर, मातीवर आणि ओलीवर ठरते. उथळ झाले तर बी वाळते किंवा पाखरे उचलतात. खोल गेले तर कोंब वर येण्याआधीच दम तोडतो. रोप लावताना भोक मुळांपेक्षा खोल झाले तर खाली पोकळी राहते आणि मुळे हवेत लोंबकळतात. चिकट मातीत ओल जास्त असताना काठी दाबून फिरवली तर भोकाची भिंत घोटल्यासारखी गुळगुळीत होते, ती वाळून कडक झाली की मुळांना बाजूला शिरता येत नाही. दोन भोकांमधले अंतर चुकले की पुढे कोळपणी, खुरपणी, फवारणी सगळेच चुकते. हे सगळे हाताला कळावे लागते, आणि ते एका दिवसात कळत नाही.

तरीही किमान वेतनाच्या भाषेत हे काम 'अकुशल' आहे. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारे वगैरे. जातीचा व्यवसाय हाच कारागिराचा व्यवसाय, असे मानणारी ही यादी आहे आणि तिच्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवे. पण त्या यादीतही शेतमजूर बाई नाही. हातोडे आणि अवजारे बनवणारा त्यात आहे, पण दिवसभर अवजार चालवणारी नाही. म्हणजे गावगाड्याने ज्यांना बलुतेदार म्हणून तरी नाव दिले, त्यांचे नाव सरकारी यादीत आले. ज्यांना नुसते 'राबणारे' मानले, ते सरकारच्या लेखीही नुसते राबणारेच राहिले. २०११च्या जनगणनेत या देशात १४ कोटी ४३ लाख शेतमजूर मोजले गेले. एवढ्या माणसांच्या हातात कसलेच कौशल्य नाही, असे म्हणायला फार मोठा जातीय आत्मविश्वास लागतो.

कापसाचे उदाहरण घ्या. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढे ४५० ग्रॅमच्या पाकिटात येणारे महागडे बियाणे सगळीकडे पसरले. तिफणीने सरकी पेरणे शेतकऱ्याला परवडेना. एकेक बी मोजून, जागा पाहून टोबणे भाग पडले. म्हणजे जगातल्या बड्या कंपनीचे जनुकीय तंत्रज्ञान जमिनीत जाते ते शेवटी वाकून भोक पाडणाऱ्या बाईच्या हातानेच. कंपनीला त्यातून रॉयल्टी मिळाली, बाईला रोज मिळाला. बियाण्यातल्या ज्ञानाला पेटंट असते, हातातल्या ज्ञानाला नाव नसते.

दांड्याची लांबी

या कामात सगळ्यात जास्त झिजते ती कंबर. काठी आखूड असेल तर वाकावे लागते, लांब असेल तर उभ्याने भोक पाडता येते. मग दांडे आखूड का राहतात? कारण वाकण्याचा खर्च जमीनमालकाच्या हिशेबात येत नाही. कंबर मजुराची असते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांवर अनेक दशके आखूड दांड्याचे कुदळे वापरले जात होते. राबणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे आणि स्थलांतरित मजूर होते. मालकांचे म्हणणे असे की आखूड दांड्याने काम नेमके होते. खरी सोय वेगळी होती. सगळे वाकलेले असले की कोण उभा राहिला हे मुकादमाला लांबूनच दिसायचे. मजूर संघटना आणि त्यांचे वकील लढले, आणि १९७५ साली तिथे या अवजारावर बंदी आली. दांडा किती लांब असावा हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण तो न्यायालयात लढून सोडवावा लागला.

आपल्याकडे असा खटला मी ऐकलेला नाही. आपल्याकडे वाकणे हा जणू काही जातींचा आणि बायकांचा देहस्वभावच मानला जातो. नांगर पुरुषाचा, लावणी-टोकणी-खुरपणी बाईची, ही विभागणी सगळ्यांना नैसर्गिक वाटते. नांगराला पोळ्याच्या निमित्ताने मान आहे, बैलाला झूल आहे. ठोंब्याचा सण कुठे आहे?

पवित्र हात, मळके हात

शहरात मात्र या काठीला वेगळेच दिवस आले आहेत. ऑनलाइन दुकानांत ती 'डिबर' नावाने मिळते. गुळगुळीत लाकडी मूठ, स्टीलचे टोक, कडेला खोली मोजायच्या खुणा. गच्चीवर, बाल्कनीत, सोसायटीच्या परसबागेत टोमॅटो आणि पालक लावणाऱ्यांसाठी ती आहे. मातीत हात घातल्याने मन कसे शांत होते, यावर लेख येतात. यात वाईट काही नाही. प्रत्येकाने मातीत हात घालावा.

पण हाच समाज मातीत हात घालण्याबद्दल पूर्वी काय म्हणत होता, हेही आठवायला हवे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेती हे निंद्य काम मानले आहे. कारण असे दिले आहे की लोखंडी टोक बसवलेले लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जीवांना इजा करते. म्हणजे अवजाराच्या टोकालाच पाप चिकटवले. ते पाप ज्यांच्या माथी मारले त्यांच्याकडूनच जमीन कसून घेतली, आणि ज्यांनी पाप टाळले त्यांच्या कोठारात धान्य गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा जाळली गेली ती केवळ विटाळाची कल्पना नव्हती, श्रमाची ही वाटणीही होती.

आज गच्चीवरच्या हाताला माती लागली की तो छंद असतो. मजुराच्या हाताला लागली की ती जात असते. संध्याकाळी पहिला हात धुतला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो टाकला जातो. दुसरा हात कितीही धुतला तरी त्याला पाण्याचा पेला वरूनच दिला जातो, अशी घरे अजून आहेत.

बैलकुप्पे: एक काठी, तीन हात

हे मी लिहिते आहे ते म्हैसूर जिल्ह्यातल्या बैलकुप्प्यातून. पीएच.डी.च्या कामासाठी या भागात राहते आहे. मराठी वाचकाला हे गाव माहीत असलेच तर ते कूर्गच्या सहलीतला थांबा म्हणून, नामड्रोलिंग मठातल्या सोनेरी बुद्धमूर्तींसाठी. मला ते महत्त्वाचे वाटते वेगळ्या कारणाने. काही तासांच्या अंतरात इथे तीन वेगवेगळ्या हातांत तीच काठी दिसते, आणि प्रत्येक हातामागे सरकारचा वेगळा निर्णय दिसतो.

पहिला हात तिबेटी निर्वासिताचा. १९६०-६१च्या सुमारास तत्कालीन म्हैसूर राज्याने पिरियापट्टण तालुक्यात सुमारे ३,००० एकर जमीन तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीसाठी दिली. ही लुगसुंग समडुपलिंग वसाहत, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या तिबेटी वसाहतींपैकी एक. जमीन जंगलाची होती. लोकांनी ती तोडून, खणून, हत्तींपासून राखून पिकाखाली आणली आणि मका लावला. १९६९मध्ये शेजारीच दुसरी वसाहत, डिकी लारसो, उभी राहिली. जमिनीबरोबर घरे आली, सहकारी सोसायटी आली, शाळा आणि दवाखाने आले. आज देशभर नाव असलेली 'मायराडा' ही संस्था १९६८ साली स्थापन झाली ती मुळात याच पुनर्वसनाच्या कामासाठी. जमीन मालकीची नव्हती आणि आजही नाही. ती भाडेपट्ट्यावर आहे, ही असुरक्षितता खरी आहे. पण परक्या देशात, परक्या हवामानात, हातात काही नसताना आलेल्या माणसांच्या काठीला टेकायला जमीन मिळाली. त्यावर एक समाज उभा राहिला, आपली भाषा आणि धर्म टिकवून राहिला.

दुसरा हात तंबाखूच्या शेतातल्या मजूर बाईचा. पिरियापट्टण आणि हुणसूर हे तालुके व्हर्जिनिया तंबाखूचे. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला की रोपे लावायची घाई सुरू होते. एक बाई भोक पाडत पुढे जाते, दुसरी त्यात पाणी ओतते, तिसरी रोप बसवून माती दाबते. दोन ओळींत एक मीटर आणि दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर धरले, तर एका एकरात साधारण ६,७०० भोके होतात. तितक्याच वेळा कंबर वाकते. या पिकाची नोंद फार काटेकोर असते. १९७५च्या कायद्यानुसार तंबाखू मंडळाकडे शेतकऱ्याची नोंदणी असते, पान भाजायच्या बॅरनला परवाना असतो, किती माल पिकवायचा याची मर्यादा असते, लिलावात किलोकिलोचा हिशेब होतो. या सगळ्या कागदांत भोक पाडणाऱ्या बाईसाठी रकाना नाही. पुढे हिरवी, ओली पाने तोडताना निकोटिन कातडीतून अंगात शिरते, मळमळते, चक्कर येते, उलट्या होतात. त्याचाही रकाना नाही. या बायका कोण आहेत हे विचारले तर उत्तरात दलित वस्त्यांची आणि आदिवासी हाडींची नावे येतात. तिबेटी वसाहतीतली तरुण पिढी शहरांत आणि परदेशांत गेली आहे, तिथल्या शेतांवरही आसपासच्या गावांतले मजूर राबताना दिसतात.

तिसरा हात जेनू कुरुबाचा. नागरहोळेचे जंगल इथून लांब नाही. जेनू कुरुबा हे त्या जंगलातले आदिवासी, मध गोळा करणारे, टोकदार काठीने कंद उकरून खाणारे. माणसाच्या इतिहासात ही काठी पेरणीच्याही आधीची आहे. आधी तिने कंद काढले गेले, मग त्याच भोकात काहीतरी लावले गेले. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर राष्ट्रीय उद्यानात ही काठी चालवणे गुन्ह्यात जमा झाले. माणसे जंगलाबाहेर काढली गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्रा. मुझफ्फर असादी समितीने २०१४च्या अहवालात ३,४१८ विस्थापित आदिवासी कुटुंबांचा आकडा दिला. त्यांतली कितीतरी माणसे कोडगूच्या कॉफी मळ्यांत मजूर झाली, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या जमिनीत खड्डे काढू लागली. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाच्या व्याख्येत मुळे आणि कंद स्पष्टपणे लिहिलेले आहेत. कायद्याने दिलेले हक्क जमिनीवर मिळेनात, म्हणून मे २०२५मध्ये करडीकल्लू आत्तूर कोल्लीची जेनू कुरुबा कुटुंबे आपल्या जुन्या वस्तीच्या जागी परत जाऊन बसली. वनखात्याने त्यांना घुसखोर ठरवले. आपल्याच आजोबांनी जिथे कंद उकरले तिथे नातू घुसखोर ठरतो.

ही तक्रार नाही, हा दाखला आहे

इथे एक सापळा आहे आणि त्यात पडायचे नाही. 'बाहेरच्यांना जमीन दिली, आमच्या लोकांना नाही' असे म्हणणे सोपे आहे, आणि ते म्हणणारे राजकारण तयारच आहे. ते राजकारण निर्वासितांना हाकलते, पण दलितांना जमीन देत नाही. तिबेटी माणसाला मिळाले ते योग्यच होते. माझा मुद्दा उलटा आहे. बैलकुप्पे हा सरकारविरुद्धचा पुरावा आहे. भूमिहीनांना एकगठ्ठा जमीन देणे, तिच्यासोबत घरे, शाळा, सोसायटी, बी-बियाणे, अवजारे देणे आणि काही वर्षे पाठीशी उभे राहणे हे या देशात अशक्य आहे, असे आता कुणी म्हणू शकत नाही. ते केले गेले आहे आणि ते टिकले आहे.

बैलकुप्प्याच्या तेरा-चौदा वर्षे आधी ही मागणी कुणी केली होती? मार्च १९४७मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यात शेती हा सरकारी उद्योग असावा, जमीन गावातल्या कुटुंबांना जात-धर्म न पाहता सामुदायिक शेतीसाठी कुळाने द्यावी, गावात ना जमीनदार राहावा ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी होती. पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे यांचा खर्च सरकारने उचलावा, हेही त्यात होते. क्रम पाहा. आधी जमीन, मग तिच्यासोबत अवजार. त्याच निवेदनात अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहतींची योजना होती. सरकारच्या पडीक जमिनी त्यासाठी वसाहत आयोगाच्या ताब्यात द्याव्यात आणि केंद्राने दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला काढावेत, असे त्यात म्हटले होते.

बैलकुप्प्याच्या वसाहतीकडे पाहिले की ते कलम प्रत्यक्षात कसे दिसले असते, याचा अंदाज येतो. सरकारी जमीन, स्वतंत्र वस्ती, सहकारी संस्था, गावच्या सवर्ण जमीनदाराच्या दारात उभे राहावे लागू नये एवढे अंतर. दलितांसाठी मागितले तेव्हा ते अव्यवहार्य ठरले. दुसऱ्या समूहासाठी केले तेव्हा ते पुनर्वसन झाले.

महाराष्ट्राने काय केले

ज्या वर्षांत बैलकुप्प्यात जंगल तोडून मका लावला जात होता, त्याच वर्षांत महाराष्ट्रातला दलित जमिनीसाठी तुरुंगात जात होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मग ६ डिसेंबर १९६४पासून रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी लढा झाला, ज्यात लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. त्याआधी कोकणात १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध संप केला होता, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले होते. वरकस डोंगरावर ठोंब्याने नाचणी लावायची कुळाने आणि वाटा न्यायचा खोताने, हीच ती व्यवस्था. आपल्या चळवळीचा मोठा भाग जमिनीसाठीचा आहे, हे आपण स्वतःच विसरत चाललो आहोत.

त्याच दादासाहेबांच्या नावाने २००४ साली राज्याने सबळीकरण व स्वाभिमान योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. कागदावर ती चांगली आहे, विधवा आणि परित्यक्तांना तीत प्राधान्य आहे. पण जमीन आणायची ती बाजारातून विकत घेऊन, सरकारने ठरवलेल्या दरात. त्या दरात चांगली जमीन विकायला कोण पुढे येणार, आणि तीही दलिताला? गायरान मात्र सरकारच्याच मालकीचे आहे. १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, पण सातबाऱ्यावर नाव चढायची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. २०२२मध्ये उच्च न्यायालयापुढे हा विषय आल्यावर कसणाऱ्यांच्या आणि राहणाऱ्यांच्या हातात नोटिसा पडल्या. गावातल्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११चा जगपाल सिंग निकाल नेहमी पुढे केला जातो, पण त्यातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवलेला आहे. तो परिच्छेद तहसील कार्यालयात सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

परिणाम समोर आहे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत, आणि वहितीखालच्या जमिनीत त्यांचा वाटा जेमतेम ९ टक्क्यांच्या आसपास. 'शेतकरी' हा शब्द सरकारी योजनांत जमीनधारक याच अर्थाने येतो. २०१९पासूनचा पीएम किसानचा वर्षाचा ६,००० रुपयांचा हप्ता नावावर जमीन असलेल्यालाच मिळतो. भोके ज्याने पाडली त्याला नाही, सातबारा ज्याचा त्याला.

सुधारित अवजार पुरेसे आहे का?

कुणी म्हणेल, अवजार सुधारा, कष्ट कमी होतील. खरे आहे, आणि ते व्हायलाच हवे. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र याचे चांगले उदाहरण आहे. गादीवाफ्यावर लोखंडी साचा दाबून २५ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे चौरस मीटरला १६ अशी भोके पाडायची आणि त्यात भात टोकायचा. नांगरणी नाही, चिखलणी नाही, पाण्यात वाकून लावणी नाही. बाईची कंबर वाचते, यात शंका नाही. साचा म्हणजे एका दांडीवर बसवलेले अनेक ठोंबेच.

पण वाचलेले श्रम कुणाच्या खात्यात जमा होतात? जमीन स्वतःची असेल तर वाचलेला दिवस त्या कुटुंबाचा होतो, त्यात मुलीची शाळा होते, दुसरे पीक होते. जमीन दुसऱ्याची असेल तर वाचलेला दिवस मालकाचा नफा होतो आणि मजुराचा बुडालेला रोज होतो. म्हणून भूमिहीन बाई नव्या यंत्राकडे साशंक नजरेने पाहते तेव्हा ती मागासलेली नसते. ती हिशेब करत असते. आणखी एक गोष्ट. साच्याला संशोधकाचे नाव आहे, आणि ते असावे. पण ठोंब्याला संशोधक नाही, कारण तो ज्यांनी शोधला त्यांना लिहायची बंदी होती. ज्ञान कुणाच्या नावावर चढते, हाही एक सातबाराच आहे.

तेव्हा आपली मागणी काय असावी? १४ एप्रिलला वाटल्या जाणाऱ्या अवजारांच्या किटवर समाधान मानायचे नाही. टोकणी, लावणी, खुरपणी हे कुशल काम आहे असे किमान वेतनाच्या अनुसूचीत लिहून घ्यायचे, आणि बाई-पुरुषाला एकच मजुरी. वाकून करायच्या कामासाठी लांब दांड्याची अवजारे आणि त्याचा खर्च मालकावर. पीएम किसानसारख्या योजनांत भूमिहीन मजुराची 'शेतकरी' म्हणून नोंद. गायरान कसणाऱ्यांच्या नावावर, आणि पत्नीच्या नावासह. जंगलात वनहक्काचे दावे ग्रामसभेच्या ठरावाने, वनखात्याच्या मर्जीने नाही. आणि जिथे सरकारी पडीक जमीन सलग आहे तिथे बाबासाहेबांनी १९४७ साली मागितली होती तशी वसाहत. कुणी विचारले की असे कुठे झाले आहे का, तर नकाशावर बैलकुप्पे दाखवायचे.

काठी आमच्याकडे आधीपासून आहे. ती वाटायला येऊ नका. ती टेकवायची जमीन मोकळी करा.

जय भीम.